वीट कच्ची की सांधा कच्चा? चुकीचा दावा आणि तर्कदोष वेगळे काढण्याची रीत

बडोद्यातल्या मराठी घरात पाहुणा आला की एक वाक्य ठरलेलं असतं: आपला लक्ष्मीविलास पॅलेस लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे. आधाराला दोन आकडेही फिरत असतात. लक्ष्मीविलास ३,०४,९२,००० चौरस फूट आणि बकिंगहॅम ८,२८,८२१ चौरस फूट. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढून भागाकार केला तर चौपट येत नाही, जवळजवळ ३७ पट येतं. आता आणखी एक गुणाकार करा. एका एकराचे ४३,५६० चौरस फूट, गुणिले ७०० एकर. उत्तर येतं बरोबर ३,०४,९२,०००. म्हणजे पहिला आकडा राजवाड्याचा नसून त्याच्या मूळ ७०० एकर आवाराचा आहे. झाडं, हिरवळ, गोल्फचं मैदान सगळं धरून. दुसरा आकडा मात्र बकिंगहॅमच्या इमारतीतल्या मजल्यांचा आहे आणि तिथली ३९ एकरांची बाग त्यात धरलेली नाही. आवाराची तुलना बागेशी केली तर पट होते सुमारे १८. चौपट यातल्या कुठल्याच हिशेबातून निघत नाही.

या वाक्यात नेमकं काय चुकलं? दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत. ते इंटरनेटवर शोधणाऱ्याला दोन्ही सापडतात आणि तो खुशाल म्हणतो, ‘तपासलं, खरं आहे.’ दुसरा वैतागून म्हणतो, ‘सगळ्या थापा.’ तोही चुकतो, कारण आवार खरोखरच कितीतरी पटींनी मोठं आहे. बिघाड आहे तो दोन आकडे जिथे एकमेकांना जोडले त्या ठिकाणी. भिंत पाहायची तर विटा वेगळ्या तपासाव्या लागतात आणि सांधे वेगळे. दावा ही वीट, आणि ‘म्हणून’, ‘म्हणजे’, ‘कारण’ हे सांधे. कच्ची वीट म्हणजे चुकीचा दावा, कच्चा सांधा म्हणजे तर्कदोष. ही भिंतीची उपमा पुढे लेखभर वापरली आहे.

दोन प्रश्न, दोन हत्यारं

दाव्याला विचारायचा प्रश्न: जगात असं आहे का? उत्तरासाठी घराबाहेर जावं लागतं. नोंद, मोजमाप, कागद, प्रत्यक्ष पाहणी, माहीतगार माणूस, यांपैकी काहीतरी लागतं. सांध्याला विचारायचा प्रश्न: आधीची वाक्यं खरी धरली तर पुढचं वाक्य मानावंच लागतं का, निदान मानण्यासारखं होतं का? यासाठी बाहेर जायची गरज नाही. मजकूर, कागद आणि पेन्सिल एवढं पुरतं.

दोन्ही स्वतंत्र असल्यामुळे एक पक्कं आणि दुसरं कच्चं असू शकतं. नमुन्याला महाराजा सयाजीराव तिसरे आणि बडोद्याचं विद्यापीठ घेऊ.

‘सयाजीराव १९५१ साली वारले. विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. म्हणजे स्थापनेच्या वेळी ते हयात होते.’ सांधा पोलादी आहे. पण पहिली वीट कच्ची, कारण ते ६ फेब्रुवारी १९३९ रोजी वारले. इथे ‘तुमचा तर्क चुकला’ म्हणणारा स्वतःच चुकतो. तर्काला हात न लावता फक्त साल दुरुस्त करायचं.

‘सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. म्हणून त्यानंतर बडोदे संस्थानात कुणी निरक्षर उरलं नाही.’ वीट पक्की आहे. अमरेली भागात तर १८९३ पासूनच तो प्रयोग चालू होता. सांधा मात्र तुटका. कायदा होणं आणि प्रत्येक मूल शाळेत जाऊन शिकणं यांत शाळा, मास्तर, शेतातली कामं आणि लवकर उरकलेली लग्नं आडवी येतात. शिवाय शाळेचं वय उलटून गेलेल्या मोठ्यांना हा कायदा लागूच नव्हता.

‘विद्यापीठाच्या नावात सयाजीराव आहे, म्हणून ते त्यांनीच स्थापलं.’ वीट खरी, सांधा कच्चा आणि वर निघालेला निष्कर्षही चुकीचा. त्यांच्या कारकिर्दीत, १८८१ साली, निघालं ते बडोदे कॉलेज. विद्यापीठ त्यांच्यामागे दहा वर्षांनी झालं.

चौथा नमुना लोकांना सगळ्यात जड जातो. ‘बडोद्यातल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, कारण आमच्या गल्लीत सगळे तसंच म्हणतात.’ कारण अगदी पोकळ आहे. पण मगरी आहेत! कारण मोडून काढलं म्हणजे निष्कर्ष मोडला, असं मानून जो नदीकाठी पाय सोडून बसेल त्याला आपण तर्कपटू म्हणणार नाही.

ही विभागणी जुनीच आहे

बौद्ध परंपरेतल्या शंकरस्वामींचा ‘न्यायप्रवेश’ हा छोटा संस्कृत ग्रंथ गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये ३८व्या क्रमांकाने १९३० साली बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला. त्यात चुका तीन टोपल्यांत टाकल्या आहेत: ९ पक्षाभास, १४ हेत्वाभास आणि १० दृष्टान्ताभास. पक्षाभास म्हणजे मांडलेली गोष्टच मुळात टिकणारी नाही. ‘शब्द कानाला ऐकू येत नाही’ हे प्रत्यक्षाविरुद्ध आहे, आणि ‘माझी आई वांझ आहे’ हे वाक्य स्वतःलाच खातं. हेत्वाभास म्हणजे दिलेलं कारण कारणासारखं दिसतं, पण काम करत नाही. दृष्टान्ताभास म्हणजे उदाहरणच लागू पडत नाही. व्हॉट्सॅपवरचा निम्मा कचरा या तिसऱ्या टोपलीतला असतो.

न्यायशास्त्रवाल्यांनी, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या पंडितांनी, टोपल्या थोड्या वेगळ्या लावल्या. त्यांच्या पाच हेत्वाभासांत ‘असिद्ध’ आणि ‘बाधित’ असे दोन आहेत. ‘शब्द हा गुण आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो’ यातलं कारणच वस्तुस्थितीला धरून नाही, म्हणून ते असिद्ध. ‘अग्नी थंड आहे, कारण ते द्रव्य आहे’ यातला निष्कर्ष हात लावताक्षणी खोटा ठरतो, म्हणून हेतू बाधित. आजच्या वर्गवारीत हे दोन्ही दाव्याच्या खात्यात जातील. तेव्हा कुणी ‘हेत्वाभास’ म्हटलं की तो विटेबद्दल बोलतोय की सांध्याबद्दल, हे विचारून घ्यावं. मराठीत हा शब्द सरसकट ‘तर्कदोष’ या अर्थी वापरतात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो.

हाताशी एक मजकूर

रीत दाखवण्यासाठी एक नमुना घेऊ. पावसाळ्यात कुटुंबाच्या ग्रुपवर येतो तसा, पण इथल्यापुरता तयार केलेला (आजवा हे बडोद्याजवळचं सरोवर, मांडवी हा जुन्या शहराचा मध्यभाग):

‘आजव्यातून पाणी सोडलंय. २०१९ ला पाणी सोडल्यावर दोन तासांत शहर बुडालं होतं. म्हणजे आजही दोन तासांत बुडणार. अधिकारी गप्प आहेत म्हणजे लपवतायत. मगरी मांडवीपर्यंत आल्यात, व्हिडिओ बघा. हे खोटं म्हणणारे पूर न बघितलेले नवे लोक आहेत. आत्ताच घर सोडा, नाहीतर छतावर बसायची तयारी ठेवा.’

पहिली पायरी: कागदावर उतरवा, एका ओळीत एकच गोष्ट. मोबाइलवर वाचून हे जमत नाही. वाक्यं एकमेकांच्या आडोशाला लपतात. वरच्या मजकुरात सात वाक्यं आहेत, पण गोष्टी जास्त. ‘२०१९ ला पाणी सोडल्यावर दोन तासांत शहर बुडालं’ यात तीन वेगळे दावे आहेत: तेव्हा पाणी सोडलं होतं; शहर बुडालं; आणि ते दोन तासांत बुडालं. तिघांची सत्यता वेगवेगळी असू शकते. एक खरा दावा शेजारच्या दोघांना पाठीवर घेऊन नदी पार करतो, म्हणून त्यांना सुटं करायचं. याला तीनेक मिनिटं लागतात.

दुसरी पायरी: सांध्यांना गोल करा. म्हणून, म्हणजे, कारण, त्यामुळे, तर, अर्थात, मग. सरकारी कागदात ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ आणि ‘सबब’. वरच्या मजकुरात ‘म्हणजे’ दोनदा आहे. पण सगळ्यात दणकट सांधे शब्दाविना असतात. ‘आजव्यातून पाणी सोडलंय’ आणि ‘२०१९ ला...’ ही वाक्यं नुसती शेजारी बसवली आहेत, ‘दोन्ही प्रसंग सारखेच’ हे वाचणाऱ्याने स्वतः भरलं. असे मुके सांधे तुटक रेघेने दाखवा. ‘म्हणजे’च्या बाबतीत सावध राहा. मराठीत तो तीन कामं करतो: अर्थ सांगतो (‘मगर म्हणजे सुसर नव्हे’), निष्कर्ष काढतो, आणि बोलताना नुसताच टेकू देतो (‘म्हणजे कसं, की...’). गोल फक्त दुसऱ्या प्रकाराला.

तिसरी पायरी: गाळलेली वीट लिहून काढा. खरी मेहनत इथे आहे. ‘अधिकारी गप्प आहेत म्हणजे लपवतायत’ हे तसं पाहिलं तर तुटकं आहे. मध्ये न बोललेलं वाक्य घाला: ‘धोका नसता तर अधिकाऱ्यांनी लगेच तसं कळवलं असतं.’ आता सांधा बराच जुळला, आणि संशय नव्या विटेवर गेला. ती विचारण्याजोगी आहे: या मोसमात पातळी रोज कळवली जाते का? आज नेहमीच्या वेळी आली नाही का? कळवत असतील आणि आजच खंड पडला असेल तर गप्प बसण्याला थोडा अर्थ आहे. मुळातच रोज कळवत नसतील तर काहीच अर्थ नाही.

यातून एक नाजूक मुद्दा निघतो. ‘हे चूर्ण नैसर्गिक आहे, म्हणून अपाय करणार नाही.’ हा तर्कदोष की चुकीचा दावा? जसं लिहिलं तसंच धरलं तर तर्कदोष. ‘नैसर्गिक ते सगळं निरुपद्रवी’ ही गाळलेली वीट घातली तर तर्क निर्दोष होतो आणि वीट खोटी ठरते, कारण धोत्रा नैसर्गिकच आहे. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण वीट लिहून काढणं जास्त उपयोगी, एवढं ठामपणे सांगता येईल. ‘तुमच्या बोलण्यात तर्कदोष आहे’ यावर समोरचा भांडतो. ‘मग धोत्र्याचं काय?’ यावर थांबून विचार करतो. एक पथ्य मात्र पाळायचं: गाळलेली वीट समोरच्याला मान्य होईल अशीच घाला. त्याच्या तोंडी मूर्ख वाक्य घालून ते पाडलं तर आपण बुजगावण्याशी कुस्ती खेळलो, म्हणजे तर्कदोष आता आपल्या पदरी.

चौथी पायरी: आधी सांधे ठोकून पाहा. विटा नंतर. कारण हिशेबी आहे: सांधा निकामी निघाला तर त्याच्या मागची वीट त्या निष्कर्षासाठी तपासायची गरजच उरत नाही, आणि वीट तपासायला जास्त वेळ लागतो. सांधा ठोकायच्या दोन युक्त्या आहेत.

एक, ‘समजा सगळं खरं’. वरची सगळी वाक्यं खरी मानून निष्कर्ष खोटा ठरेल असा प्रसंग रचता येतो का पाहा. आजव्यातून पाणी सोडलंय, २०१९ लाही सोडलं होतं, तेव्हा शहर बुडालं होतं. तरी आज बुडणार नाही असं घडू शकेल? सहज. ३१ जुलै २०१९ ला खुद्द शहरातच सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला होता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजे दारातल्या प्रत्येक चौरस मीटर फरशीवर ५०० लिटर. ते पाणी आणि वरून नदीला आलेलं पाणी एकत्र आलं. आज आकाश कोरडं असेल तर उदाहरण जसंच्या तसं लागू पडत नाही. अशा न सांगितलेल्या जादा अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. ‘डोंगरावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे’ हे त्यांनी चुकीचं ठरवलं, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धुराला अग्नीखेरीज ओलं सरपण लागतं. तर मजकूर तपासताना विचारायचं: यातलं ओलं सरपण कुठलं, आणि ते आज आहे का?

दोन, ‘सांगाडा तोच, नावं दुसरी’. वाक्यांतली नामं बदलून तोच सांधा वापरा. ‘मगरी पोहतात. मामा पोहतात. म्हणजे मामा मगर.’ हसू आलं की सांधा कच्चा. ‘पाऊस पडला की रस्ता ओला होतो; रस्ता ओला आहे; म्हणजे पाऊस पडला’ याचा सांगाडा तोच आहे, फक्त तिथे हसू येत नाही म्हणून खपतो. पाण्याचा टँकर गळत गेला असेल.

रोजच्या व्यवहारातले बहुतेक सांधे शंभर टक्क्यांचे नसतात. ‘ढग दाटलेत, छत्री घे’ यात काही दोष नाही. तिथे ‘हे सिद्ध होत नाही’ म्हणणं हा शुद्ध आडमुठेपणा. अशा सांध्याला प्रश्न वेगळा: दहापैकी किती वेळा फसेल, आणि फसलं तर काय जाईल?

पाचवी पायरी: उरलेल्या विटा तपासा, वजनदार विटा आधी. ज्यांच्यावर निष्कर्ष उभा आहे त्याच. लोक उलट करतात. सोपी वीट तपासतात आणि सुटतात. (तारीख बरोबर निघाली, चला, मजकूर खरा.)

आधी दावा मोजता येईल असा करून घ्या. ‘पाणी सोडलंय’ एवढ्याने भागत नाही. आजवा सरोवराची पातळी किती फूट, काळा घोडा पुलाजवळ विश्वामित्री किती फूट, आणि ही मोजणी किती वाजताची? पावसाळ्यात हे दोन आकडे बातम्यांत येतात आणि महापालिकेकडून कळतात. एक आकडा पुरत नाही, तासाभराच्या अंतराने दोन घ्या. पाणी चढतंय की उतरतंय, हे एका आकड्यावरून कळत नाही.

व्हिडिओ असेल तर त्यात चार ठिकाणी थांबून चार स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. जुना व्हिडिओ असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन चित्रांतच पत्ता लागतो. सापडला नाही तर चित्रातले तपशील वाचा: दुकानांच्या पाट्या गुजरातीत आहेत का, गाड्यांचे क्रमांक जीजे ०६ ने सुरू होतात का, लोकांच्या अंगावर रेनकोट आहेत की स्वेटर, मागे ओळखीची इमारत दिसते का. मांडवीची कमानींची वास्तू तर लगेच ओळखू येते. व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोत काढल्याची वेळ-जागा शोधत बसू नका. फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून जाते. आणि वरची दुहेरी बाणाची खूण एवढंच सांगते की मजकूर मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त हात फिरून आला. त्यावरून तो खोटा ठरत नाही. ठरवलं तर तो आपला तर्कदोष.

माहीतगाराचा शब्द विटेच्या खात्यात धरायचा. ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ हा दरवेळी तर्कदोष नसतो. जुन्यांनी आप्तवाक्याला प्रमाण मानलंच आहे, अट एवढीच की आप्त म्हणजे यथार्थ बोलणारा. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्तदाबाबद्दल सांगितलं तर ती पक्की वीट. त्यांनीच धरणाच्या दरवाज्यांबद्दल सांगितलं तर ते आपल्यासारखेच एक शेजारी.

सहावी पायरी: शेरे दोन रकान्यांत लिहा. विटांच्या रकान्यात चारच शेरे: खरं, चुकीचं, अर्धवट, आत्ता तपासता येत नाही. सांध्यांच्या रकान्यात तीन: घट्ट, सैल, तुटका. एकत्र बेरीज करून ‘मजकूर ४० टक्के खरा’ असं काही लिहू नका. एका तुटक्या सांध्याने बाकीच्या नऊ खऱ्या विटा निरुपयोगी होतात.

आपल्या नमुन्याचा हिशेब असा लागतो. वाक्य ३: सांधा सैल, कारण दोन प्रसंगांतला पाऊस वेगळा असू शकतो. वाक्य ४: गाळलेल्या विटेवर अवलंबून. वाक्य ५: वीट, व्हिडिओ पाहून ठरेल. वाक्य ६: विषय सोडून माणसावर घसरलेलं, पुराशी संबंध नाही, तुटका. वाक्य ७: दोनच वाटा दाखवल्या. सामान पोटमाळ्यावर चढवणं, गाडी उंचावर नेऊन ठेवणं, आजींना उंच भागातल्या नातेवाइकांकडे पोहोचवणं, या मधल्या वाटा गायब.

आणि तरीही पाणी येऊ शकतं

हे नीट सांगायला हवं. वरच्या तपासणीने एवढंच ठरलं की या मजकुरातून पूर येणार असं निघत नाही. पूर येणार नाही, असं ठरलेलं नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पाऊस ओसरल्यावरही शहराचे मोठे भाग पाण्याखाली होते. तेव्हा ‘आज पाऊस नाही, मग कसला पूर’ म्हणणाऱ्याचा सांधाही तितकाच सैल होता. कारण वाईट म्हणून निष्कर्ष खोटा, हा स्वतःच एक तर्कदोष आहे आणि तर्कदोष शिकलेल्यांना तो सर्वांत जास्त चिकटतो.

म्हणून जिवाचा प्रश्न असेल तिथे चौथी आणि पाचवी पायरी उलटी करा. आधी पातळीचे दोन आकडे मिळवा. ते मिळेपर्यंत स्वस्तातली खबरदारी घ्या: कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, मोबाइल चार्ज, तळमजल्यावरचा फ्रीज बंद. चूक ठरलं तर अर्धा तास गेला, एवढंच. सांध्यांची चिकित्सा पाणी उतरल्यावर.

ओळखायचे चार-पाच पुरेत

तर्कदोषांच्या शंभर नावांच्या याद्या मिळतात. पाठ करू नका; नावं आली की माणूस वाक्य वाचण्याऐवजी शिक्के मारत सुटतो. आपल्या भाषेत आधीच असलेले थोडके पुरे.

कावळा बसला आणि फांदी मोडली. आधी हे झालं, मग ते झालं, म्हणून यामुळे ते झालं. काढा घेतला, पाच दिवसांत सर्दी गेली. न घेताही साधी सर्दी आठवड्याभरात जाते. विचारायचं: कावळा न बसताही फांद्या मोडतात का?

शितावरून भात. ही म्हण वाईट तर्काचं उदाहरण म्हणून सांगतात, पण ती चांगल्या तर्काचं उदाहरण आहे. पातेल्यातला भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजतो, म्हणून एक शीत पुरतं. एका मगरीच्या व्हिडिओवरून शहराबद्दल बोलता येत नाही, कारण शहर एका आचेवर शिजत नाही. नदीकाठच्या सोसायट्या आणि उंचावरचे भाग यांचा भात वेगळा. म्हणजे पाहायचं हे की शितं सारखी शिजलीत का.

शब्दाची कोलांटी, म्हणजे छल. जुनं उदाहरण ‘नवकंबल’: बोलणारा म्हणतो याच्याकडे नवी कांबळ आहे, ऐकणारा म्हणतो नऊ कुठे, एकच तर दिसते. पॅलेसच्या ‘चौपट’मध्ये हेच झालं, ‘पॅलेस’ एकदा आवार, एकदा इमारत. उपाय: संशयित शब्द खोडून त्या जागी दरवेळी पूर्ण अर्थ लिहा. वाक्य आपोआप पडतं.

‘आधी तुमचं बघा’. मुद्द्याला उत्तर न देता विचारणाऱ्याचं काढणं. आणि अन्योन्याश्रय: ‘ते खरं बोलतात, कारण ते प्रामाणिक आहेत, प्रामाणिक कशावरून, तर ते खरंच बोलतात.’

मताला या दोन्ही टोपल्यांत टाकू नका. ‘बडोद्याच्या शेव-उसळीला तोड नाही’ हा दावाही नाही आणि तर्कही नाही. तिथे पुरावा मागणाऱ्याला दुसरी प्लेट द्यावी.

घरात बोलताना

मराठीत ‘खोटं’ हा शब्द दोन कामं करतो: वस्तुस्थितीला धरून नसलेलं आणि मुद्दाम फसवणारं. ‘मामा, हे खोटं आहे’ असं लिहिलं की मामांना ‘मामा, तुम्ही खोटारडे आहात’ असंच ऐकू येतं. त्यांनी तर काळजीपोटी पुढे पाठवलेलं असतं. दाव्याबद्दल लिहिताना ‘चुकीचं’ किंवा ‘जुनं’ म्हणा. सांध्याबद्दल लिहिताना तर्कदोषाचं नाव घेऊच नका, प्रश्न विचारा. आणि दोन्ही एका उत्तरात कोंबू नका. विटेबद्दल एक ओळ, सांध्याबद्दल एक ओळ, त्यापलीकडे कुणी वाचत नाही. सुरुवात त्यांच्या खऱ्या विटेपासून करावी. उदाहरणार्थ:

‘मामा, २०१९ चं तुमचं बरोबर आहे, तेव्हा फार पाणी आलं होतं. पण त्या दिवशी शहरातच ५०० मिलिमीटर पाऊस होता. आज तुमच्याकडे किती पडतोय? काळा घोड्याची पातळी सहाची आणि सातची बघून इथे टाकतो. तोवर आजींची औषधं आणि घराची कागदपत्रं वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा, गाडी मी येऊन हलवतो.’